आयब्रोच्या कायद्यात माझा एक शब्द

मुंबईच्या विमानतळावर आत शिरण्याआधी मी आयब्रोच्या दोऱ्याची चार कोरी रिळं कचऱ्याच्या डब्यात टाकली. आमच्या गल्लीतल्या एकीने सांगितलं होतं, अमेरिकेत उतरलं की सामान उघडून बघतात, आणि कामाची हत्यारं सापडली तर ‘फिरायला नाही, कामाला आलीस’ म्हणून त्याच विमानाने परत पाठवतात. रिळं डब्यात पडल्यावर जरा बरं वाटलं. मग विमानात आठवलं की पर्समध्ये पाचवं आहे. ते सापडेल या भीतीने पंधरा तास माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

मी बार्शीची. स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं पार्लर आहे. सातवीत असताना आई अंथरुणाला खिळली, ताईचं लग्न झालेलं, घरात करणारी मीच उरले. वार्षिक परीक्षेच्या आधी शाळा सुटली ती सुटलीच. पुढे सोलापुरात एका बाईंकडे आयब्रो शिकले आणि त्याच दोऱ्यावर घर चालवलं. अमेरिकेला जाऊन मी काय केलं ते पार्लरमधल्या बायकांना इतक्या वेळा सांगून झालंय की एकदाचं लिहूनच काढते. तिथल्या राज्याचं नाव मात्र लिहायचं नाही असं भाचीने बजावलंय. तिला तिथंच धंदा करायचाय.

न्यूअर्क, आयसेलिन

काउंटरवरच्या साहेबाने विचारलं, कशासाठी आलात. मी पाठ केलेलं म्हटलं, “व्हिजिट नीस.” त्याने शिक्का मारला. पर्सकडे बघितलंसुद्धा नाही. मी त्याला दोन्ही हात जोडून नमस्कार केला, तर तोही हसून मान झुकवून म्हणाला, “वेलकम.” एवढ्यासाठी मी चार रिळं टाकली होती!

बाहेर भाची अनघा आणि तिचा नवरा निलेश उभे होते. अनघा माझ्या ताईची मुलगी. दर सुट्टीत माझ्याकडे यायची आणि दहावीपर्यंत माझ्यासारखाच हात चालवायला शिकली होती. निलेशराव नागपूरचे, कंप्युटरच्या नोकरीवर तिकडे गेलेले.

“मावशी, एवढ्या घामाघूम काहून झाल्या? एसी आहे ना इथं,” निलेशराव म्हणाले.

मी रिळांची गोष्ट सांगितली. ते इतके हसले की सामानाची गाडी दुसऱ्याच्या गाडीवर आदळली. “सॉरी, सॉरी,” त्या गोऱ्या माणसाला म्हणाले आणि मला म्हणाले, “चला, आधी तुमची हत्यारं घेऊ, मग जेवू.”

जवळच आयसेलिन म्हणून गाव आहे. तिथल्या ओक ट्री रोडवर उतरले आणि मला वाटलं, विमान चुकून परत आपल्याकडेच आलं. साड्या, सोनं, मिठाई, पूजेचं सामान. पाट्या तेवढ्या इंग्रजी. एका दुकानात काउंटरच्या मागे तोच दोरा होता, तोच निळा कागद, जो मी बार्शीत वापरते. मी तो हातात घेऊन उभी राहिले. दुकानदारीण गुजराती, म्हणाली, “पार्लर है आपका?” मी घाईने म्हटलं, “यहाँ नहीं, यहाँ नहीं!”

जेवताना अनघाने खरा विषय काढला. तिला नवऱ्याच्या व्हिसावर एवढी वर्षं काम करता येत नव्हतं. आता परवानगीचा कागद आला. एका साड्यांच्या दुकानात एक कोपरा मिळतोय, एक खुर्ची, एक आरसा. पण त्यांच्या राज्याचा कायदा असा, की माणसाच्या अंगावरचा केस काढायचा तर पूर्ण ब्युटिशियनचं लायसन पाहिजे. त्यासाठी वर्षाहून जास्त शाळेत जायचं. केस कापणं, रंगवणं, कुरळे करणं, सगळं शिकायचं. आणि दोरा?

“दोरा तिथं कुणालाच येत नाही मावशी. टीचरने मला विचारलं, मी क्लास घेईन का!”

“म्हणजे तुला जे येतं ते करायला, तुला न येणारं सगळं शिकायचं, आणि जे येतं ते त्यांना तू शिकवायचं?”

“एक्झॅक्टली.”

पण तो कायदा बदलायच्या बेतात होता. पाच दिवसांनी त्या राज्याच्या राजधानीत आमदारांच्या समितीसमोर सुनावणी होती, आणि अनघाने मला न विचारता माझं नाव बोलणाऱ्यांत दिलं होतं.

“मी? सातवीची?”

“तू तीस वर्षं हे करतेस. तिथं बसलेल्यांपैकी एकानेही दोरा कधी बघितला नाही.”

हेलनबाईंचं ऑफिस

जेवून आम्ही गाडीने दुसऱ्या राज्यात, अनघाच्या गावी गेलो. त्या गावाबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. घरं सुंदर, गवत कापलेलं, रस्त्यावर माणूस नाही. मी रोज फाटकापाशी उभी राहायचे, कुणी गेलं तर बोलायला. तिसऱ्या दिवशी एक आजी कुत्र्याला घेऊन गेल्या आणि थांबून बोलल्या. मला काही कळलं नाही, पण फार आभार वाटले. मी त्यांना कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगाची चटणी दिली. त्यांनी चटणी खाल्ली आणि डोळ्यांत पाणी येऊनही “गुड, गुड” म्हणाल्या.

चौथ्या दिवशी आम्ही हेलनबाईंना भेटलो. या बाई राज्याच्या कायदे तपासणाऱ्या आयोगात वकील. साठीच्या, सडसडीत, उजव्या भुवईपेक्षा डावी आखूड आणि ती पेन्सिलने ओढलेली. बोलणं ऐकायचं सोडून माझे हात शिवशिवत होते. तेवढ्यात अनघाने सांगितलं, त्या म्हणतायत फुकटसुद्धा कुणाची आयब्रो करू नका, कायदा बदलेपर्यंत. मी हात पदरात घेतले.

आयोगाचं काम काय, हे त्यांनी मला फार छान समजावलं. कायदा एकदा केला की तो पडून राहतो. दिवस बदलतात, कायदा तसाच. म्हणून एक मंडळ नेमलेलं असतं ज्याचं कामच जुने कायदे उघडून बघणं. कुठला निरुपयोगी झाला, कुठले दोन एकमेकांशी भांडतात, कुठल्याने विनाकारण त्रास होतो. मग ते एक कच्चा मसुदा छापतात आणि लोकांपुढे ठेवतात: बघा, हे आम्हाला वाटतं, तुम्ही काय म्हणता? कुणीही उत्तर लिहू शकतं. वकीलच पाहिजे असं नाही. अनघाने दोन वर्षांपूर्वी असंच एक पान लिहून पाठवलं होतं, आणि हेलनबाईंनी ते वाचून तिला फोन केला होता. सगळी उत्तरं वाचून आयोग पक्का अहवाल करतो, सोबत नव्या कायद्याचा मसुदा जोडतो. पण कायदा करणं आयोगाच्या हातात नाही. ते निवडून दिलेल्यांनी करायचं. ते अहवाल उचलतील किंवा फडताळात ठेवतील.

“ही पद्धत कुणी काढली?” मी विचारलं.

हेलनबाई खूश झाल्या. म्हणाल्या, आमचं बरंचसं इंग्लंडकडून आलंय. तिथंही असाच कायमचा आयोग आहे. न्यायाधीश, वकील, प्राध्यापक बसतात, आधी चर्चेचा मसुदा लोकांपुढे, मग अहवाल, मग संसद. शिवाय एखादा मोठा प्रश्न आला तर तेवढ्यापुरती राजाच्या नावाने वेगळी चौकशी समिती. आणि कधीकधी न्यायाधीशच निकाल देता देता कायद्याची वाट थोडी वळवतात. मग म्हणाल्या, “तुमच्या देशातही कायदे तपासणारा आयोग आहे. इंग्रजांच्या काळापासून.”

मला माहीतच नव्हतं. एवढ्या लांब येऊन आपल्या घरातली गोष्ट कळली.

मला ते सगळं आयब्रोसारखं वाटलं. आधी चेहरा नीट बघायचा. मग गिऱ्हाइकाला आरशात दाखवून विचारायचं, एवढी ठेवू का? मग दोरा लावायचा. उलट क्रमाने केलं तर भुवई गेली, आणि गेलेली भुवई महिनाभर येत नाही.

नंतर हेलनबाईंनी नव्या कायद्याचं कलम समोर ठेवलं आणि अनघाने मला मराठीत वाचून दाखवलं. दोऱ्याने केस काढणाऱ्यांना पूर्ण लायसन नको, स्वच्छतेचा छोटा कोर्स आणि नोंदणी पुरे. मी मनात हात जोडले. पुढचं वाक्य होतं: थ्रेडिंग म्हणजे दोन्ही हातांत धरलेल्या सुती दोऱ्याला पीळ देऊन केस मुळापासून काढणे. दोरा तोंडात धरायला मनाई.

तोंडाचं मला पटलं. कोरोनानंतर मीही दातात धरणं सोडलं. तेव्हापासून दोऱ्याचं एक टोक मानेभोवती घेते, म्हणजे ताण मानेचा आणि पीळ हातांचा. अनघालाही व्हिडिओ कॉलवर तेच शिकवलं.

“मग मान?” मी म्हटलं. “दोन्ही हात म्हणतायत. आपली तर मान लागते.”

अनघाने हे भाषांतर केलं नाही. हेलनबाई आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिल्या. मग अनघाने त्यांना वेगळंच काहीतरी विचारलं, आणि उत्तर ऐकून तिचा चेहरा उतरला.

गाडीत बसल्यावर तिने सांगितलं. “मी विचारलं, आता मसुद्यात काही चेंज करता येतो का. त्या म्हणाल्या, समितीने तिथल्या तिथं मान्य केला तर येतो. नाहीतर बिल परत जातं. आणि अधिवेशन पुढच्या आठवड्यात संपतंय. मग नव्याने सगळं. मावशी प्लीज, मानेचं नको बोलूस. आधी पास होऊ दे. कोण बघायला येतंय दोरा कुठे बांधलाय ते?”

“आणि कुणी आलं बघायला तर? तुझी नोंदणी आणि तुझं काम यांचा मेळ नाही म्हणाले तर?”

“मी दोन हातांनी शिकेन.”

“शिकशील. पण बाकीच्या?”

निलेशराव ड्राइव्ह करत म्हणाले, “मावशी बरोबर बोलून राहिल्या. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बग दिसला तर रिलीजच्या आधी सांगायचा असतो.”

“तू गप रे. तुझी रिलीज पुढच्या महिन्यात परत होते. माझा कोपरा तोपर्यंत दुसरा कुणीतरी घेईल.”

ती खिडकीकडे तोंड करून रडत होती. काय बरोबर ते मलाच कळत नव्हतं. ज्या पोरीसाठी आले, तिचंच काम माझ्या तोंडाने बिघडलं तर ताईला काय सांगू?

राजधानी

विधानभवनाला पांढरा घुमट, आत संगमरवर, आणि दारात कुणी ‘काय काम आहे’ विचारत नाही. बॅग तपासली की सरळ आत. आमच्याकडे तहसील कचेरीतसुद्धा शिपायाला आधी मावशी-दादा करावं लागतं. इथं सातवीची बाई कायदे करणाऱ्यांच्या दालनात थेट जाऊन बसली.

बसली, पण तिच्या मांडीवर डबा होता. आदल्या दिवशी मी रव्याचे लाडू केले होते, समितीचे जेवढे सभासद तेवढे आणि वर थोडे. हेलनबाईंनी डबा बघितला.

“हे कुणासाठी?”

“सगळ्या साहेबांसाठी,” अनघाने माझं सांगितलं. “काम झाल्यावर द्यायचेत.”

हेलनबाईंचा चेहरा पडला. ज्यांचं काम समितीपुढे आहे त्यांच्याकडून सभासदांनी काही घेणं इथं गुन्ह्यासारखं. आधी दिलं तरी आणि नंतर दिलं तरी. विमानतळावर चुकवलेली वेळ इथं आली असं वाटलं. मी डबा खुर्चीखाली पार भिंतीपर्यंत सरकवला आणि वर पदर सोडून बसले.

आधी एक निळ्या टायवाले गृहस्थ बोलले. ब्युटीच्या शाळांच्या वतीने आले होते. वाईट नाही बोलले. म्हणाले, डोळ्याजवळचं काम आहे, शिक्षणाशिवाय परवानगी देऊ नका, उद्या कुणाला इजा झाली तर जबाबदार कोण? मला त्यांचं थोडं पटलंसुद्धा. मग माझं नाव पुकारलं. ते नाव कुणाला नीट म्हणता आलं नाही, पण मला माझंच आहे हे कळलं.

समोर एक छोटा दिवा होता. हिरवा म्हणजे बोला, पिवळा म्हणजे आवरा, लाल म्हणजे थांबा. सगळ्यांना सारखीच तीन मिनिटं. टायवाल्यांनाही तेवढीच. मी बोलायचे, अनघा इंग्रजीत सांगायची. मी सांगितलं, तीस वर्षांत मी किती चेहऱ्यांना हात लावला याचा हिशोब नाही, पण एकाही डोळ्याला इजा केली नाही. सांगितलं, स्वच्छतेचा कोर्स जरूर ठेवा, मलाही करायला आवडेल. पिवळा लागला तेव्हा माझं संपलं होतं आणि मानेचं मी बोलले नव्हते. अनघाने सुटकेचा निःश्वास टाकला.

तेवढ्यात टोकाला बसलेले एक वयस्कर सभासद पुढे वाकले. शेतकऱ्यासारखे रापलेले, आणि भुवया म्हणजे नुसतं रान. म्हणाले, “मला अजून कळलं नाही, दोऱ्याने केस निघतो कसा? बाईंनी करून दाखवावं. हवं तर माझ्यावर.” आणि त्यांनी भुवयांकडे बोट केलं. सगळे हसले.

हेलनबाईंचं बजावणं आठवलं. मी म्हटलं, “साहेब, मनापासून करायचंय, पण तुमचा कायदा करू देत नाही. आधी तो बदला, मग मी येते.”

अनघाने ते इंग्रजीत सांगितलं आणि दालन खदखदून हसलं. अध्यक्षबाईसुद्धा. निळ्या टायवालेसुद्धा.

“स्वतःवर?” त्या सभासदांनी विचारलं.

स्वतःवर चालत होतं. मी पर्समधून आयसेलिनला घेतलेला, निळ्या कागदातला दोरा काढला, हात टेबलावर उताणा न ठेवता पालथा ठेवला, आणि टोक मानेभोवती घेतलं. सवयीने. पीळ दिला आणि मनगटापासून वर एक सरळ पट्टी साफ करून दाखवली. एकच हात मोकळा, तरी मानेच्या ताणावर दोरा चालला. सभासद उभे राहून बघत होते. ते रानवाले साहेब मात्र हातातल्या कागदाकडे बघत होते.

“इथं लिहिलंय ‘दोन्ही हातांत’,” ते म्हणाले. “तुम्ही तर मानेने धरलाय. जे तुम्ही केलं ते या व्याख्येत बसतं का?”

अनघाने भाषांतर केलं. पण तिचे डोळे म्हणत होते, हो म्हण. मावशी, हो म्हण. मी त्या डोळ्यांत एकदा बघितलं. मग बार्शीत माझ्याकडे शिकून गेलेल्या पोरी आठवल्या, कुठकुठल्या देशांत लग्न करून गेलेल्या, आता सगळ्यांच्याच मानेभोवती दोरा.

“नाही साहेब,” मी म्हटलं. “बसत नाही. हे लिहिणाऱ्यांनी चांगलं लिहिलंय, मी त्यांची आभारी आहे. पण त्यांनी करताना बघितलं नव्हतं.”

अनघा समितीकडे वळली. मग तिने शब्दन्‌शब्द तसाच सांगितला. आवाज कापत होता, पण एक शब्द गाळला नाही. त्या दिवशी मला तिचा जेवढा अभिमान वाटला तेवढा तिच्या लग्नातही वाटला नव्हता.

अध्यक्षबाईंनी दहा मिनिटं थांबायला सांगितलं. हेलनबाई आणि समितीचे वकील कोपऱ्यात कागदावर वाकले. आमच्या ग्रामसभेत ‘विषय मंजूर’ म्हणायला सूचक लागतो, अनुमोदक लागतो. आणि बहुतेक वेळा दोघांनीही विषय वाचलेला नसतो. इथं एक अख्खी समिती एका बाईच्या मानेवर चर्चा करत होती. मी देवाचं नाव घेत होते. अनघाने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

समिती परत बसली. रानवाल्या साहेबांनी दुरुस्ती मांडली, दुसऱ्या एका बाईंनी पाठिंबा दिला. मग कारकुनाने एकेकाचं नाव पुकारलं. हो. हो. हो. एकच ‘नाही’ आला आणि पुन्हा हो, हो. दुरुस्तीसकट बिल पुढे गेलं. अनघा तिथंच माझ्या गळ्यात पडली. हेलनबाई येऊन म्हणाल्या, “एवढी वर्षं हे काम करते. मसुद्यातलं काम कोणीतरी असं करून दाखवलेलं पहिल्यांदा बघितलं.”

बाहेर जिन्यावर निळ्या टायवाले भेटले. हात पुढे करून म्हणाले, तुम्ही मला हरवलंत, पण छान हरवलंत. मी हेलनबाईंकडे बघितलं.

“हे सरकारी आहेत का?”

“नाही,” त्या हसून म्हणाल्या. “यांना देता येईल.”

मी डबा उघडला. त्यांनी दोन लाडू उभ्या उभ्या खाल्ले आणि बायकोसाठी एक रुमालात बांधून नेला. ज्यांच्यासाठी केले होते त्यांना एकही मिळाला नाही, हेलनबाईंनाही नाही.

बार्शी

पुढचे टप्पे मी घरी आल्यावर फोनवर ऐकले. एक सभागृह, मग दुसरं, मग राज्यपालांची सही. दर वेळी अनघाचा मेसेज, दर वेळी मी पार्लर थांबवून गिऱ्हाइकांना सांगायचे. शेवटी एक फोटो आला. साड्यांच्या दुकानातला तो कोपरा, नवी खुर्ची, आरसा, आणि खुर्चीत डोळे मिटून हेलनबाई. त्या स्वतः तिची पहिली गिऱ्हाईक. माझ्या भाचीच्या मानेभोवती दोरा. मी फोटो मोठा करून करून बघितला. डाव्या भुवईचं शेपूट तिने किंचित जास्त खाली आणलंय. तसं कळवलं. “मावशी!!!” एवढंच उत्तर आलं.

हेलनबाईंनी छापलेल्या कायद्याचं पान पाठवलं होतं. ते मी काचेत बसवून आरशाशेजारी लावलंय. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण ती ओळ कुठे आहे ते माहीत आहे. तिथं खाली पेन्सिलने रेघ मारलीय.

परवा कॉलेजची एक मुलगी खुर्चीत बसली होती. एका डोळ्याने काचेकडे बघत तिने मराठी करून वाचलं, “ ‘...हातांनी, मानेने किंवा अन्य आधाराने धरलेला सुती दोरा’. काकू, अमेरिकेच्या कायद्यात मान कशाला लिहिलीय? कुणाची मान?”

दोरा माझ्या गळ्यात होता, ताण धरलेला. मान हलवता येत नव्हती. म्हणून नुसती हसले आणि म्हटलं, “डोळे मीट, आणि हलू नकोस.”